कोरं ब्लेड

आई,

आपल्या रीतीप्रमाणे नमस्काराला डोकं पुढे केलंय, हात ठेव.

मी इथे बरी आहे. दूध मिळतं, बायका शिकायला येतात. तुझा गुडघा कसा आहे? काळी गाय व्याली का?

काल मी बायकांना सांगितलं, सुंता करताना एकाच ब्लेडने साऱ्या पोरींना कापलं तर एचआयव्ही एकीचा दुसरीला लागतो. आज पोरींना कापणारी म्हातारी नोलारी हसत आली आणि कापडाच्या गाठीतून कोरी ब्लेडं काढून माझ्यापुढे धरली.

"घे, मास्तरीणबाई! प्रत्येकीला वेगळं आणलंय. झालं समाधान?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडलेच, "अगं, ब्लेड नवं असलं तरी कापायचंच नाही! रक्त जाऊन पोरी मरतात, पुढे बाळंतपणात अडतात."

"रोगाचं तुझं ऐकलं," ती म्हणाली. "पोरींचं आमचं आम्ही बघू."

तेवढ्यात दुधाच्या गाडीवाल्याने तुझा निरोप दिला. साखर, चहा आणि एक कोरं ब्लेड पाठव.

आई, माझी लेक सिलांतोई तुझ्याजवळ आहे.

साखर आणि चहा याच गाडीने पाठवतेय. ब्लेड मिळणार नाही. लोक तोंडावर थुंकले तर माझ्या थुंकू देत.

मला कापायच्या आदल्या दिवशी तू माझं डोकं भादरलं होतंस. मी शनिवारी पोचते. सिलांतोई माझ्यापुढे डोकं वाकवेल, तेव्हा माझ्या हाताला तिचे केस लागले पाहिजेत.

तुझीच,
रेसियातो