बाबांचा फोटो, बाबांना न कळता

सॉल्ट लेक, कोलकाता
२५ जानेवारी

ती. शकुनताईस,

श्रीधरचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात घालता येत नाही, कागदावरचा गोड मानून घे.) आम्ही इथे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. बाबा खरोखरच खुशाल आहेत. वैशाली आणि लेक श्वेताही बऱ्या आहेत. माझं विचारू नकोस. तुझी कंबर, प्रकाशरावांची साखर आणि तुमच्या सोसायटीतलं लिफ्टचं भांडण ही तिन्ही आता उतारावर असतील अशी आशा करतो. फोन सोडून पत्र का, तर आमच्याकडे फोनवर बोललेलं बाबांना शब्दन् शब्द ऐकू जातं. एरवी "चहा घेता का" असं तीनदा विचारलं तरी जात नाही.

कारण तसं साधं आहे. मी कॅमेरा घेतला. डीएसएलआर. प्रकाशरावांनी असा कॅमेरा पुष्कळ वर्षं वापरलाय, म्हणून त्यांना एका लेन्सबद्दल विचारायचं आहे. पण आधी काय काय झालं ते सांगतो, नाहीतर प्रश्नच कळणार नाही.

तू म्हणशील, मिक्सरचं बटण दाबताना जो डोळे मिटून घेतो त्याने कॅमेऱ्याच्या वाटेला कशाला जावं. वैशालीही हेच म्हणाली. तिला आणि सगळ्यांना मी सांगितलं, घरच्यांचे फोटो काढायचेत. खरं कारण तुला एकटीला सांगतो. आईचा जो फोटो भिंतीवर आहे त्याच्याकडे माझ्याने बघवत नाही. ती गेली त्या दिवशी आपण दोघं कपाटं उपसत होतो आणि सगळ्या संसारात तिचा एकटीचा एक फोटो सापडेना. शेवटी तुझ्या ऋचाच्या लग्नातल्या पंगतीतून तिला कापून काढली. श्रीखंड वाढणाऱ्याला हात आडवा करून "नको नको" म्हणते आहे, नजर भलतीकडे, आणि खांद्यापाशी अनिलकाकांचं कोपर राहून गेलंय. तेरा दिवस माणसं हार घेऊन येत होती आणि आई एकेकाला नको नको म्हणत होती. तिला आयुष्यभर मी समोर बघितलं आणि एकदाही "जरा इकडे बघ" म्हटलं नाही, ह्याची मला अजून लाज वाटते. आता बाबा चौऱ्याऐंशीचे झाले. मी त्यांचे फोटो शोधले. एक पेन्शनच्या कागदांवरचा आणि एक आधारचा. आधारवर ते फरारी दिसतात. तेव्हापासून रात्री दोनदा उठून त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघतो. बाबांना काहीही झालेलं नाही, हे मुद्दाम पुन्हा लिहितो. रोज सकाळी पार्कात चार फेऱ्या मारतात, मी दोन मारतो. पण फोटो हवा, नीट हवा, आणि तो कशासाठी हे त्यांना कळता कामा नये.

एस्प्लनेडच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात मी तीन शनिवार गेलो. पहिल्या शनिवारी काचेतूनच बघून परत आलो, कारण आत सगळे ठाम चेहऱ्याने उभे होते. दुसऱ्या शनिवारी आत शिरलो तर विकणारा म्हणाला, हल्ली आरसा नसलेले कॅमेरे चालतात, डीएसएलआर कशाला घेता? आरसाच नाही म्हणजे आत आहे तरी काय, ह्या विचाराने मी दचकलो आणि आरसेवालाच द्या म्हणालो. तिसऱ्या शनिवारी लेन्सा निघाल्या. एक कॅमेऱ्याबरोबर येते ती, अठरा-पंचावन्नची, घरगुती, सुनेसारखी सगळ्याला चालणारी. (हे वैशालीला वाचून दाखवू नकोस.) दुसरी पन्नासची. तिला झूम नाही. माणूस मोठा दिसायला हवा असेल तर आपणच दोन पावलं पुढे जायचं. चेहऱ्यासाठी हिच्यासारखी दुसरी नाही, तो म्हणाला, अगदी जवळ जाऊन काढा. आता मला नेमकं बाबांच्या जवळच तर जायचं नव्हतं. तिसरी पंचावन्न ते अडीचशेची, हातभर लांब होणारी. तो म्हणाला, "पाखी तोलेन?" म्हणजे पक्ष्यांचे फोटो काढता का. मी हो म्हणालो. वडील म्हणायचा धीर झाला नाही.

कॅमेरा घरात आल्यावर भीती कमी होईल असं वाटलं होतं. उलट कळलं की इथल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी चढते. तेव्हापासून घेतलेल्या दोन्ही लेन्सा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवतो आणि रोज सकाळी टॉर्च लावून तपासतो. (वैशाली म्हणते, एवढी काळजी लोणच्याची घेतली असतीत तर मागची बरणी वाचली असती.) वर दुकानदाराने जाता जाता सांगितलं होतं की कॅमेऱ्याचं आयुष्य क्लिकवर ठरतं, लाखभर क्लिक झाले की शटर कधीही जाऊ शकतं. हे ऐकल्यापासून बटणावर बोट ठेवलं की कुणाचं तरी आयुष्य आपण कमी करतोय असं वाटतं. आठ दिवसांत मी सहा फोटो काढले, त्यातले चार झाकण न काढता.

तर गेल्या रविवारी सकाळी बाबा फेऱ्या संपवून बाल्कनीत पेपर घेऊन बसले, तसा मी गुपचूप जिना उतरून समोरच्या पार्कात गेलो आणि कदंबाच्या आड बसून अडीचशेची लेन्स आमच्या बाल्कनीवर रोखली. बाबांनी माकडटोपी घातलेली. ती काढतील म्हणून अर्धा तास थांबलो. आमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली घोषालबाबूंची बाल्कनी. ते आमच्या ब्लॉक कमिटीचे सेक्रेटरी. तिथे त्यांच्या सासूबाई केस वाळवत बसल्या होत्या ह्याकडे माझं लक्षच नव्हतं. लक्ष गेलं ते खांद्यावर हात पडल्यावर. "की तुलछेन, दादा?" घोषालबाबूंनी विचारलं, काय टिपताय म्हणून. सासूबाईंचं वय ऐंशी, माझ्या नोकरीची दोन वर्षं उरलेली, आणि डोळ्यांपुढे पेपरातली बातमी, फोटोसकट. मी कसाबसा म्हणालो, "बाबार छबी." त्यांनी वर बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, मग लपून का? ह्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला जो धीर लागतो तो मला देवाने दिलेला नाही. हिंदीत, बंगालीत आणि घाईघाईत मराठीत मी सगळं सांगून टाकलं. वय झालंय, पुढेमागे भिंतीला लागेल, त्यांना कळू द्यायचं नाही. घोषालबाबूंचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं. कमिटीच्या सेक्रेटरीने.

संध्याकाळी पाचला पहिली बेल वाजली. सहा वाजेपर्यंत आमच्या हॉलमध्ये चौदा माणसं होती, सगळी हळू आवाजात बोलणारी, आणि प्रत्येकाच्या हातात नोलेन गुडाच्या, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाच्या, संदेश मिठाईचा डबा. बाबांना वाटलं, संक्रांतीची माणसं आली! ते उठले, वैशालीकडून तिळगुळाचा डबा घेतला आणि एकेकाच्या हातावर ठेवत "गोड बोला" म्हणू लागले. लोकांना वाटलं, म्हातारा निरोप घेतोय. दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. एका रिटायर्ड डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि ते खिन्न झाले. (नंतर कळलं, ती त्यांच्या स्वतःच्या नाडीपेक्षा चांगली निघाली.) घोषालबाबूंच्या सासूबाईंनी तर बाबांच्या डोक्यावर हात ठेवून भिऊ नका म्हणून समजावलं. तेव्हा बाबा माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "श्रीधर, मला नक्की काय झालंय?"

ताई, त्या क्षणी मी भिंतीत गडप झालो असतो तर बरं झालं असतं. कुणी पोर हात लावेल ह्या धास्तीने कॅमेरा मी गळ्यातच अडकवला होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या आईकडे पाहिलं. मग संदेशाच्या डब्यांकडे. आणि ते हसायला लागले. तिळगूळ पुढे केलेला हात तसाच, आणि डोळ्यांतून पाणी. घाबरून माझं बोट बटणावर दाबलं गेलं ते सुटेचना. अकरा फोटो निघाले. सातव्यात बाबा आहेत, अगदी जसे आहेत तसे. माणसं गेल्यावर मला म्हणाले, "अरे, सांगायचं की. दाढी केली असती."

तर प्रश्न असा. हा फोटो अठरा-पंचावन्नच्या घरगुती लेन्सनेच आला. मग ही अडीचशेची ठेवू की परत करू, ते प्रकाशरावांना विचारून कळव. त्यांना नमस्कार, ऋचाला आणि तिच्या बाळाला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
श्रीधर

ता. क. लेन्सचं निमित्त होतं. खरी अडचण पुढे आहे. बाबांनी श्वेताकडून तो फोटो मोठा करून घेतला आणि मंगळवारी स्वतः स्टुलावर चढून आईच्या शेजारी लावला. (स्टूल मी धरलं होतं, डोळे मिटून.) मी म्हणालो, बाबा, जित्या माणसाचा फोटो तिथे लावत नाहीत. तर म्हणाले, "ती एकटीच किती दिवस बसणार तिथे?" आता बाबा हसत तिळगूळ पुढे करतात आणि आई नको नको म्हणते. येणारा माणूस आधी फोटोला हात जोडतो, मग खाली सोफ्यावर बाबा चहा पिताना दिसतात. मला त्या हॉलमध्ये बसवत नाही. ते माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. तू येऊन तो उतरवायला सांग.

आणखी ता. क. वरचं खोडणार होतो, पण नवा कागद घ्यायचा कंटाळा केला. आज सकाळी बाबा भिंतीपुढे उभे राहून आईला विचारत होते, "बरा आलोय ना?" मी आल्या पावली मागे फिरलो. फोटो राहू दे. लेन्सचंही काही कळवू नकोस. नुसती ये. फोटो नीट मिळाला की भीती जाईल असं मला वाटलं होतं. फोटो फार छान आलाय आणि भीती आहे तिथेच आहे. वैशाली समजूत घालते, पण ते तिचे सासरे. बाबा जाण्याची भीती वाटायला ह्या जगात आपण दोघंच आहोत, आणि ते माझ्याकडे राहायला आल्यापासून तुझ्या वाटणीचीही मीच बाळगतोय. ये, आणि तुझा वाटा उचल.