मेंढक्यानं पळू न्हाय

१२ जानेवारी १९९७, रविवार

तात्या, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याची माफी मागतो. एकोणीस वर्षं झाली. डायरी रोज लिहितो. पाऊस किती झाला, उसाचं गाळप कधी सुरू झालं, कोण आजारी आहे, सगळं तिच्यात असतं, तुम्ही तेवढे नसता. बारामतीला कॉलेजात होतो तेव्हा दर पंधरा दिवसांनी कार्ड टाकायचो आणि तुम्ही ते पोस्टमनकडून वाचून घ्यायचा. एकदा तो घाईत होता म्हणून त्यानं निम्मंच वाचलं, तर तुम्ही त्याची सायकल धरून ठेवली होती. "आजून हाय खाली, ती बारीक अक्षरं ऱ्हायली," म्हणालात. हे मला आईनं सांगितलं. आता वाचून दाखवायला कुणी नाही, म्हणूनच कदाचित लिहायला जमतंय.

आज मी मॅरेथॉन पळालो. आपल्याकडे पाच किलोमीटरच्या शर्यतीलाही मॅरेथॉनच म्हणतात. झेंडा दाखवतात, केळं देतात, झालं. पण इंदापूरकडच्या एका हायस्कूलच्या पी.टी.च्या मास्तरांनी यंदा हट्टानं खरी ठेवली, बेचाळीस किलोमीटरची. मोटारसायकलचा आकडा बघत त्यांनी अंतर मोजलं आणि दर किलोमीटरला रस्त्याकडेच्या झाडाला चुना फासला. बारामतीतून निघायचं, वालचंदनगरला आमच्या साखर कारखान्यावरून जायचं आणि इंदापूरच्या अलीकडे त्यांच्या शाळेच्या मैदानावर संपवायचं. मार्ग वाचला त्याच दिवशी मी नाव दिलं. कारखान्याच्या गेटापासून आपल्या वस्तीच्या फाट्यापर्यंतचे नऊ किलोमीटर त्यात येत होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. घरी म्हटलं, तब्येतीसाठी पळतोय. "साखर तपासून तपासून तुमचीच वाढली का काय?" बायको म्हणाली. चार महिने पहाटे कॉलनीच्या रस्त्यानं पळत होतो. पाळीवरून परतणारे कामगार सायकली हळू करून विचारायचे, "सायेब, कुत्रं लागलंय का म्हागं?"

पळणं माझं तुमच्यामुळे सुटलं होतं. मी नऊ वर्षांचा असेन. पणदऱ्याला एका कापणी झालेल्या रानात आपली मेंढरं बसवली होती, खतासाठी. तुम्ही बारामतीच्या बाजाराला गेला होता आणि कळप माझ्यावर होता. तुम्ही लांबून दिसता. हातात टायरच्या नव्या वहाणा आहेत, लहान मापाच्या. मी पळत सुटतो. माझ्यामागे एक मेंढी उधळते, मग सगळी. कालव्याच्या कडेला पुढची थांबतात आणि मागची त्यांना ढकलतात. दोन कोकरं पाण्यात गेली ती मिळाली नाहीत. तुम्ही मला मारलं नाही. मला खाली बसवलंत, वहाणा पायात घातल्या, अंगठा कुठवर येतो ते दाबून बघितलंत आणि मग म्हणालात, "मेंढक्यानं पळू न्हाय. तू पळालास की त्यास्नी वाटतं लांडगा आला." पुढे मेंढरं गेली, शेती आली, मला नोकरी लागली. मी कशाहीसाठी पळालो नाही. सुटलेली एसटी सुटू दिली.

तुम्ही गेलात तो दिवस तेव्हाच्या डायरीत नाही, म्हणून इथे लिहितो. गाळप जोरात होतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नवा होतो. उसाच्या रसाचा नमुना तासातासाला यायचा, त्याचा गोडवा मोजून वहीत आकडा लिहायचा, एवढंच काम. पावणेचारला आपल्या शेजारचे नाना सायकलवरून आले. दारातूनच म्हणाले, "तात्याचं काय खरं न्हाय. तुला बोलावलंय. तू हो म्होरं, मी डाक्टरला घिऊन येतू." आणि तसेच गेले. माझ्या हातात रसाची नळी होती. मी मोजणी पूर्ण केली. आकडा लिहिला, सही केली, साबण लावून हात धुतले. चार वाजता गेटाबाहेर आलो. रस्ता समोर होता, नऊ किलोमीटर, सरळ. मी स्टँडकडे वळलो. तिथे एकानं विचारलं, "काय केमिस्ट, आज लवकर?" मी म्हटलं, "जरा घरी काम आहे." सव्वाचारची एसटी साडेपाचला आली. वस्तीवर पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. अंगणात माणसं होती. आई म्हणाली, "आर्ध्या तासामागं गेलं." मी पुढे काही विचारलं नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

आज सकाळी सातला बारामतीत नऊ जण उभे होतो. बाकीचे आठ विशीतले, पोलीस भरतीची तयारी करणारे. त्यातल्या एकानं अदबीनं विचारलं, "काका, तुमी झेंडा दाखवायला आलाव न्हवं?" माझ्या छातीवरचा कागदाचा आकडा बघून तो ओशाळला आणि पुढे कधी दिसलाच नाही. पहिल्या सत्तावीस किलोमीटरांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ऊस, बैलगाड्या, चुना लावलेली झाडं. मला उत्साह नव्हता आणि भीतीही नव्हती. कारखान्याच्या गेटावर आलो तेव्हा घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. वॉचमन उठून उभा राहिला, "सायेब, सुट्टी असून?" मी हात केला आणि तो आकडा मनात धरला. वहीत लिहिताना धरतो तसा.

तिथून पुढे पाय बधिर होत गेले. आपल्या वस्तीच्या फाट्यावर आलो तेव्हा अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. एक तास बारा मिनिटं. पंचेचाळीसाव्या वर्षी, सत्तावीस किलोमीटर पळून झाल्यावर, दोनदा पोटऱ्या चोळायला थांबून. त्या दिवशी मी सव्वीस वर्षांचा होतो आणि दिवसभर स्टुलावर बसलेला होतो. याच चालीनं आलो असतो तरी सव्वापाचच्या आत दारात असतो. वजाबाकी करून झाली. मला वाटलं होतं, ती झाली की मी खाली बसेन, रडेन, काहीतरी होईल. काही झालं नाही. घशाला कोरड होती, तेवढीच कळत होती.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीत नाना बसले होते. आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी मला ओळखलं, काठी टेकत उठले, स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या दिला. मी पिईपर्यंत ते माझ्या बुटांकडे बघत होते. मग म्हणाले, "आत्ता पळतूस व्हय रं?"

ते माझ्या वयाबद्दल बोलले की त्या दिवसाबद्दल, मला माहीत नाही. त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. टपरीतली माणसं हसली. मग नाना जरा जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुजा बा त्या दिशी..." त्या दिवशी डॉक्टरला घेऊन ते पाचच्या आत पोचले होते. शेवटच्या अर्ध्या तासात तुमच्याजवळ आई होती आणि नाना होते. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी तांब्या त्यांच्या हातात दिला आणि पळालो. बेचाळीस किलोमीटरमध्ये मी खरा पळालो तो तेवढाच, पुढच्या वळणापर्यंत.

मैदानावर पोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरची दोरीही सोडून झाली होती. पाच जण मध्येच सोडून टेंपोत बसून आले होते, तीन जण केव्हाच संपवून घरी गेले होते. मास्तर एकटे सतरंजी गुंडाळत होते. "लई येळ लावला, सर, पण आलाव," ते म्हणाले आणि ठेवलेलं केळं दिलं. प्रमाणपत्रही दिलं. नाव लिहायला त्यांच्याकडे पेन नव्हतं, "घरी गेल्यावर तुमीच घाला," म्हणाले. ते समोर टेबलावर आहे. नावाची जागा मोकळी आहे. मला ते घालावंसं वाटत नाही आणि फाडावंसंही वाटत नाही.

तात्या, तुमच्या शब्दामुळे मी त्या दिवशी पळालो नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. स्टँडवर तुमचा शब्द मला आठवलासुद्धा नव्हता. तो तुमच्या दहाव्याला आठवला, आणि मी तो उचलून ठेवून दिला, कामाला येईल म्हणून. खरं असं आहे की इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस भर रस्त्यानं पळताना दिसला असता तर कुणीतरी विचारलं असतं काय झालं, आणि मला ते तोंडानं सांगावं लागलं असतं. मी हात धुतले, रांगेत उभा राहिलो, तोवर लांडगा आलेला नव्हता.

आणखी एक. नाना म्हणाले होते, "तुला बोलावलंय." कुणी, ते त्या शब्दांत नाही. आईनं सांगून पाठवलं असेल. नाना आपल्या मनानंच आले असतील, आपल्याकडे तसं म्हणतातच. किंवा तुम्ही. तुम्ही शुद्धीवर होता का, हेसुद्धा मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्यापैकी एकाच्या हातात आज मी रिकामा तांब्या देऊन आलो. दुसरी म्हणजे आई. ती पणदऱ्याला अक्काच्या घरी असते, आणि तिला आता फार कमी ऐकू येतं. हळू विचारून चालणार नाही. अक्का, तिच्या सुना, गोठ्यात दूध काढणारा माणूस, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारावं लागेल.

हे पान डायरीतच राहील.

उद्या: पहिल्या एसटीनं पणदऱ्याला जाऊन आईला विचारणे, बोलावलं कुणी होतं.