लाल बटण

अकोला, रविवार, संध्याकाळ

फोन घेऊन परत आले आणि टेपची दोन्ही बटणं दाबली. प्ले, आणि रेकॉर्डचं लाल. हे बोलतील म्हणून वाट पाहत बसले.

आमचा जुना कॉम्प्युटर प्रोग्राम कॅसेटवर जपायचा. त्यासाठी दोन्ही एकदम दाबायची. हे बडनेऱ्याला ड्युटीवर, म्हणून कोणतं बटण कधी दाबायचं, ही माझी शिकवणी कॅसेटवरच बोलून ठेवलेली. "सुधा, घाबरू नोको, मशीन चावत नाही."

हे गेल्यावर आवाज तेवढाच उरला. लेक अमरावतीहून म्हणाली, "आई, बाबाचा आवाज मले पाठव न." पहिलं वाक्य ऐकून, टेप थांबवून फोन आणायला उठले होते. पुढे नुसतं प्ले दाबायचं होतं. लाल कशाला दाबलं? बोटांनी यांचंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेट लावली. "मशीन चावत नाही." मग पंखा, कुकरची शिट्टी, आणि माझं, "बोला न."