अर्ध्या आण्याची राणी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळी ७
निवृत्तीनंतरचा पहिला ठाम संकल्प. डिसेंबरात वर्ध्यात टपाल तिकिटांचं प्रदर्शन आहे. ‘तिकिटांवरचे राजेरजवाडे’ ही माझी फ्रेम. पहिला नंबर जवळजवळ फिक्स. फक्त १८५४ ची निळी, अर्ध्या आण्याची व्हिक्टोरिया राणी माझ्याकडे नाही. हिंगणघाटच्या मोतीलालकडे दोन आहेत. माणूस सरकीचा व्यापारी, पण इतिहास माझ्याकडून शिकला. मला नाही म्हणणार नाही.

३ नोव्हेंबर
मोतीलालचा फोन. राणीच्या बदल्यात माझे इंदूर संस्थानचे होळकर महाराज मागतो. तीस वर्षं डोळा आहे त्यांच्यावर. त्या तिकिटाचा कोपरा मागे कधीतरी फाटला होता, मी मागून पातळ कागद लावून जोडला. इतकं सफाईदार काम, की मीच विसरून गेलोय.

९ नोव्हेंबर, रविवार
हिंगणघाटला जाऊन आलो. मोतीलालने महाराजांना चिमट्याने उचललं, उलटंसुलटं पाहिलं. चिमटा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. मग उठून आत गेला आणि राणीचं पाकीट घेऊन आला. भावनावश झाला असावा.
कोपऱ्याचं बोललो नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. बहुतेक.

१० नोव्हेंबर
प्रमोदिनीने विचारलं, फाटल्याचं सांगितलंत का भाऊजींना? संग्राहकांचे नियम वेगळे असतात, हे तिला नीट समजावलं. ती मेथी निवडत राहिली. बायकोला या विषयात गती नाही.

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
लिहायला हात धजत नाही. नागपूरच्या परीक्षकांनी भिंग लावलं आणि चारचौघांत सांगितलं, राणी नकली आहे, कागद फार नंतरचा. फ्रेम बाद. पहिला नंबर फुलपाखरांच्या तिकिटांना.
तीस वर्षांची मैत्री! त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं होतं. उद्या पहिल्या बसने हिंगणघाट. तीन वाक्यं पाठ केली आहेत. तिसरं ऐकून तो रडेल.

१५ डिसेंबर
पहिलंच वाक्य म्हणून झालं. मोतीलालने चहा पुढे सरकवला. आवाज चढवला नाही.
“सर, तुमच्यासाठी खरीच काढून ठेवली होती म्या. तुमचं तिकीट हाती घेतलं, मागून जोड दिसला. मंग आत गेलो अन् दुसरी आणली.”
मी विचारलं, तेव्हाच का बोलला नाहीस?
“तुम्ही बोलान म्हणून वाट पाह्यली.”
उरलेली दोन वाक्यं बसमध्ये आठवली. चहा तसाच राहिला.

१६ डिसेंबर
शांतपणे विचार केला. माझी चूक कोपऱ्याएवढी, त्याची अख्ख्या राणीएवढी. विश्वासघात तो विश्वासघात. संबंध कायमचे तोडले.

२१ डिसेंबर
मोतीलालला पाच वेळा फोन केला. संबंध तोडलेत हे रीतसर कळवायला नको? उचलला नाही.

४ जानेवारी २०२६, रविवार, दुपार
अल्बम काढून बसलो. दाखवायला कोणी नाही, म्हणून प्रमोदिनीला दाखवला. तिने मन लावून पाहिला. मग विचारलं, हे इंग्रजांचे सगळे राजे एकाच बाजूला तोंड करून का बसलेत?
मला माहीत नाही. मोतीलालला माहीत असेल.