देवघर कुठं मांडाल?

रविवार, जून १९७४

नव्या वस्तीतली, लेआउटमधली भाड्याची खोली आम्हाला पसंत पडली होती. घरमालकीणबाईंनी सुमनच्या हातात किल्लीही दिली. मग सहज विचारलं, "देवघर कुठं मांडाल?"

मी गप्प. काहून गप्प बसलो मी?

सुमनच म्हणाली, "आमच्या घरी बुद्धाचा फोटो राहते, बाई."

बाईंनी लगेच किल्ली परत मागितली. "माझा भाचा येऊन राहिला या खोलीत राहाले, विसरलीच मी."

कारखान्यात साहेबाशी भांडतो मी, आणि एका किल्लीपुढं वाचा बसली. त्यात परतताना बायकोलाच म्हणालो, "थोडं थांबायचं होतं वं." ती माझ्या सायकलवरून उतरली, पायीच चालू लागली. मी मागं मागं.

आता पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाली, "दुसरी खोली पाहाले जाऊ, तेव्हा पहिले तुम्हीच सांगजा."

हो म्हटलं. पण सांगेन ना मी?