बेडकीची तपासणी

प्रिय खटपटी,

अक्षर ओळखलंस ना? हो, मीच. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करून तू गेलीस, त्यानंतर सासूचं पत्र यावं म्हणजे जरा अतिच. आपण दोघींनी अजून बोलायचं असतं का, हेही मला ठाऊक नाही. पण फोनवर मी भलतंच बोलत बसते आणि मुद्द्याचं राहून जातं. चिडू नकोस, निदान पूर्ण वाच.

माळ्यावर तुझी बेडकी सापडली. तीच गं, रिमोटवर चालणारी, पुढे फिरणारं पातं असलेली, यंत्रांच्या लढाईच्या स्पर्धेसाठी बनवायला घेऊन तू अर्धवट टाकलेली. चिरंजीव म्हणाले, भंगारात दे. मी म्हटलं, तुझ्या डोक्यापेक्षा हिच्यात जास्त वायरी आहेत, राहू दे. बॅटरी चार्ज केली आणि काय सांगू, सोफ्याखालून जी सुसाट निघाली ती थेट माझ्या चपलेवर! पट्टाच तोडला मेलीने. तेव्हापासून मला चैन नाही. ही उलटी पडली की डावं-उजवं बदलतं का, पातं आधी थांबतं की चाकं, काय नि काय.

परवाना कचेरीच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी गेली. नियम दिसले की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. स्पर्धेचे नियमही वाचून काढले. वजन बॅटरीसकट करायचं. मैदानात उतरेपर्यंत पातं फिरू नये म्हणून त्याला खिट्टी लावलेली हवी. आग नको, पाणी नको. रिमोट बंद केला की यंत्र जागच्या जागी थांबलंच पाहिजे. आणि प्रत्येक यंत्रामागे माणसं दोन: एक चालवणारं, दुसरं खिट्टी काढणारं. एकट्याला प्रवेश नाही. असं का, म्हणून तपासनीस बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हातात रिमोट असलेल्याने पात्याजवळ बोट नेऊ नये, म्हणून. पटलं मला.

हो, गेले होते ना मी तपासणीला! आणि स्वतःची शोभा करून घेतली. मार लागू नये म्हणून बेडकीला लोकरीचं जाडजूड झबलं विणलं होतं, गळ्याशी नाडी घालून. बाई आधी तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. दोरे आणि जाळ्यांना बंदी आहे, समोरच्याच्या चाकात गुंततात म्हणे. म्हणजे मी प्रेमापोटी बंदी असलेलं हत्यारच विणलं की गं! सगळा हॉल हसला, मीही हसले. झबलं उतरवल्यावर वजन नियमात बसलं, पण रिमोट बंद केला तरी ही थांबेचना, भिंतीवर जाऊन आपटली. नापास. रविवारी पुन्हा तपासणी आहे.

तिथला एक मेकॅनिक म्हणाला, आत्ता जमवून देतो. मी नको म्हटलं. दुरुस्तीला माणूस मिळेल, खिट्टी काढायला शेजारीणही तयार आहे. पण मला तू हवी आहेस. तू गेल्यापासून घरात काही मोडलं तर ते नुसतं पडून राहतं. असं का मोडलं, म्हणून कुणी उलटंपालटं करून बघत नाही. तुमच्या दोघांचं पटलं नाही, त्यात मला कुणाची बाजू घ्यायची नाही. पण तुझ्यामाझ्यातलं काय करायचं, हे कोर्टात कुणी विचारलंच नाही. स्पर्धेच्या फॉर्मवर दुसरं नाव मी तुझं लिहिलंय, न विचारता. त्यापुढे रकाना आहे, 'नातं'. जन्मभर लोकांचे अपुरे फॉर्म परत केले मी, आणि हा एक रकाना मला भरता येत नाहीये. रविवारी येशील? येऊन तूच भर. जे लिहिशील ते मला चालेल.

तुझीच,
सध्या तरी बेडकीची ड्रायव्हर