पायांनी काढलेली खोली

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार घे, पण मान न हलवता. मोतीबिंदू निघाला, पट्टी सुटली, आता थेंब वेळच्या वेळी घाल आणि डोळा चोळू नकोस. आठवडाभर तुला वाचायची बंदी आहे, म्हणजे हे पत्र सूनबाई मोठ्याने वाचून दाखवणार, हे धरूनच लिहितो आहे. सूनबाई, पुढे तुझ्या मुलांबद्दल बरंच काही येणार आहे, ते वाचताना आवाज चढवू नकोस. (जिथे गाळायचं तिथे मी कंस केले आहेत.)

आठ दिवस नातवंडांना ठेवून घेशील का, असं तू विचारलंस आणि मी मोठ्या रुबाबात हो म्हणालो. धाकट्याची डोक्याने धडक देऊन प्रेम दाखवायची सवय तुझ्या डोळ्याला परवडणारी नाही, हे मला पटलं होतं. ती माझ्या पोटाला परवडेल का, हे कोणी विचारलं नाही. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच, माझ्या खोल्या दोन, खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना, आणि बाहेर सोडावं तर आमचा रस्ता पाइपासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत खणून ठेवलेला. तेव्हा जे काय करायचं ते घरातच.

मी चाळीस वर्षं बांधकामाच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून काढली. मुलांना चित्रात गुंतवणं म्हणजे आपल्या हातचा मळ, अशा समजुतीत पहिल्या दिवशी दोघांना टेबलाशी बसवलं, पेन्सिली तासून दिल्या, कोपर कागदाला लावायचं नाही, रेघ ओढताना श्वास रोखायचा, हे सगळं समजावलं. धाकट्याने श्वास रोखला. आधी लाल झाला, मग जांभळा, रेघ काही काढली नाही. चौथ्या मिनिटाला दोघंही टेबलावर होती, म्हणजे वर उभी. थोरली म्हणाली, "मामाआजोबा, हातांचं ठीक आहे, पण पायांनी काय करायचं?" चाळीस वर्षांत हा प्रश्न आमच्या कचेरीत कोणाला पडला नव्हता.

मग मी कागद टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवला आणि दोघांना उताणं पाडून चित्र काढायला लावलं. (पायाच्या बोटांत खडू धरून धाकटा माझ्यापेक्षा बरं वर्तुळ काढतो. हे त्याला सांगू नका.) दुसऱ्या दिवशी कपाटातली जुन्या नकाशांची गुंडाळी काढून कोऱ्या बाजूने हॉलच्या भिंतींना लावली. तेलखडू धरून भिंतीलगत पळायचं, मी टाळी वाजवली की उडी मारायची, उडी जेवढी उंच तेवढा डोंगर उंच. अशी मोठी झकास डोंगररांग झाली. कोपऱ्यावर वळायचं धाकटा विसरला, म्हणून तिच्या शेवटी कपाळाएवढा लाल डाग आहे. (सूनबाई, तो खडूचा आहे. टेंगूळ अगदी लहान आहे.)

त्या उड्यांनी खालचा दंतवैद्य वर आला, हातात छोटा आरसा तसाच. "अहो, तुमची टाळी वाजली की वर मुलं उडी मारतात आणि खाली माझी पेशंटबाई," म्हणाला. बिचाऱ्याचं बरोबरच होतं. एक ते चार त्याचा दवाखाना बंद असतो, तेव्हा उड्या त्याच वेळात, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता तोच दारात उभा, बूट हातात घेऊन, मोठ्यांना चालतं का विचारायला. त्याने काढलेला डोंगर दाढेसारखा झाला आहे, पण आम्ही कौतुक केलं.

आता मुख्य गोष्ट. परवा दुपारी पायांना रंग लावायचा बेत होता. दोन जुन्या ताटांत निळा आणि पिवळा रंग, खाली गुंडाळीतला एक मोठा कागद, रेडिओ चालू असेपर्यंत त्यावर नाचायचं, बंद झाला की पुतळा. मी रेडिओ बंद केला, दोघं पुतळे झाली, आणि धाकट्याच्या निळ्या टाचेजवळ कागदाचा मुडपलेला कोपरा उलटून मला माझंच अक्षर दिसलं. ताई, तो तुझ्या गच्चीवरच्या खोलीचा आराखडा होता. तीच खोली, जी बांधून मी कायमचा तुमच्यात राहायला यावं म्हणून तू दीड वर्ष मागे लागली आहेस, आणि जिचा आराखडा "जवळजवळ झाला" असं मी सात महिने कळवतो आहे. सात महिन्यांत लोक पूल बांधतात, हे तू म्हणालीस ते माझ्या कानावर आलं आहे.

मी ओरडलो, आणि चांगलाच ओरडलो. धाकटा निळ्या पायांनी कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला फार वाईट वाटलं, कारण पाठची बाजू न बघता कागद मीच पसरला होता. थोरली मात्र कागद उलटून आराखडा बघत होती. म्हणाली, "एवढीशीच खोली? मग आपण खरीएवढी काढू या ना."

अर्ध्या तासात हॉलमधलं सामान भिंतीला लागलं. मी मोजपट्टी धरून आकडे सांगतो आहे, थोरली रांगत जमिनीवर चिकटपट्टी लावते आहे, आणि धाकटा तिच्यामागून बसत बसत ती बुडाने दाबतो आहे, अशी बारा फूट बाय दहा फूट खोली तयार झाली. मग धाकटा आडवा होऊन खाट झाला आणि थोरलीने खडूने त्याच्याभोवती रेघ फिरवली. थोरली ओणवी होऊन टेबल झाली. दंतवैद्य आला, त्याला खिडकी केलं. दार मी झालो. खुणेवर उभं राहायचं, एक हात लांब करायचा आणि आत उघडायचं, मिटायचं. या वयात तासभर मी उघडत मिटत होतो.

तेवढ्यात खाट उठली आणि हिची वेताची खुर्ची ओढत आत घेऊन आली. ही गेल्यापासून त्या खुर्चीवर कोणी बसत नाही, मी रोज पुसतो आणि होती तिथे ठेवतो. मी म्हणालो, अरे, ती नको, ती या खोलीत बसत नाही, दार आपटतं. आणि खरंच, मी उघडलो तर माझा हात खुर्चीच्या पाठीवर लागला. धाकट्याने खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग तुम्ही तिकडे उघडा ना!" आमच्या कचेरीत खोलीचं दार चाळीस वर्षं आतच उघडत आलं आहे, तसा नियमच आहे, हे मी त्याला नीट समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला कमरेला धरून उलटं फिरवलं.

तर सांगायचा मुद्दा असा, की आराखडा खराब झाला आहे, दाराचा प्रश्न तांत्रिक आहे, आणि अजून वेळ लागेल असं समज. रविवारी मुलांना न्यायला कोणीतरी नक्की पाठव. माझी कंबर गेली आहे आणि जमिनीवरची चिकटपट्टी निघत नाही.

तुझा, आत्ता पोटावर उशी बांधून बसलेला,
धाकटा भाऊ

ता. क. सूनबाई, मुलांच्या मोज्यांच्या पाचही जोड्या आता निळ्या आहेत. धुऊन बघितल्या, सोबतचे टॉवेलही निळे झाले. मुलं पुन्हा कधी येणार, असं दंतवैद्य रोज विचारतो.

आणखी एक ता. क. सूनबाई, इथून पुढचं तू वाचू नकोस, कागद ताईच्या हातात दे. ताई, हे जाड निबने, नकाशाच्या मथळ्याच्या अक्षरात लिहितो आहे, नव्या डोळ्याला चष्म्याशिवाय दिसेल. सात महिने मी तुला खोटं कळवलं. आराखडा पहिल्याच आठवड्यात झाला होता. खाट बसत होती, टेबल बसत होतं, फक्त हिची खुर्ची बसत नव्हती, आणि तिला इथे टाकून मी येऊ शकत नाही, हे तुला सांगायचं धाडस झालं नाही. आज सकाळी दोघं त्याच खुर्चीत दाटीवाटीने बसून दूध प्यायली. मी नंतर ती पुसली नाही.

नवा आराखडा सोबत आहे. कोपऱ्यातली निळी टाच धाकट्याकडून मुद्दाम उमटवून घेतली आहे, ती मंजुरीची सही समज. दार बाहेर उघडतं. खोली बांधून होईपर्यंत मी मुलांच्या खोलीत झोपेन, त्यांची परवानगी काढली आहे. रविवारी गाडी जरा मोठी पाठव. खुर्चीची घडी होत नाही.